आखजीचं पान

नागपुरात ऊन पडत नाही, मारतं. चैत्र सरत आला की सकाळीच पहिला फटका बसतो आणि दिवेलागणीपर्यंत माणूस नुसता मार खात असतो. माझी सून सायली पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आई, इथलं ऊन अंगावर येतं हो." मी म्हटलं, "अंगावर येऊन थांबलं तर नशीब समज." यंदाही कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरून झाला, समोरच्या गच्चीवर कुरडया पसरल्या, आणि गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास रस्ता ओलांडून माझ्या खिडकीत आला. तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी पाठ ताठ झाली. पन्नास वर्षं होत आली, तरी या वासाबरोबर माझी पाठ अजून माराची वाट पाहते.

सायली धंतोलीतल्या एका दवाखान्यात मनाचे उपचार करते. तिच्याकडे हल्ली अशा पोरी येतात, की भूक नसताना खातात, पोट दुखेपर्यंत खातात, लपून खातात आणि मग दिवसभर स्वतःचं तोंड पाहवत नाही म्हणून रडतात. मुलगेही येतात म्हणे. या आजाराला आता लांबलचक इंग्रजी नाव आहे. माझ्या वेळी एकच नाव होतं, खादाड, आणि नाव ठेवून झालं की उपचारही त्या नावाला शोभतील असेच होत. परवा जेवताना ती सांगत होती, की यावर नुसतं बोलून करायचे उपचारसुद्धा निरनिराळे आहेत आणि कोणता सरस यावर त्यांच्यात चर्चा चालते. एकात जेवणाच्या वेळा बांधून देतात आणि खाण्याबद्दलचे वेडेवाकडे विचार एकेक करून सरळ करतात. दुसऱ्यात खाण्याला हातच लावत नाहीत. कोण गेलं, कोणाशी तुटलं, कोणाशी बोलायचं राहिलं, ते उकरतात. तिसऱ्यात खाण्याची लाट आली की तिच्यात न बुडता उभं राहायला शिकवतात. "तुम्हाला काय वाटतं आई, कोणता बरा?" तिने सहज विचारलं. आपण कोणाला विचारतोय, हे तिला ठाऊक नव्हतं. मी वरणावर लिंबू पिळत म्हटलं, "कुलूप राहिलं तुझं सांगायचं."

ती हसली. मी हसले नाही.

माझी आई गेली ती मुदतीच्या तापाने, मी कॉलेजात पाऊल टाकलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. त्या तापात अन्नाचा कण पोटात गेला की आतडं फुटतं, असा आमच्याकडे पक्का समज. डॉक्टर पातळ पेज द्या म्हणाले होते, पण डॉक्टर काय, येतात आणि जातात. बाबांच्या गावची, सावनेरची वडीलधारी माणसं घरात ठाण मांडून बसली होती. बाबांनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. आईला वास येऊ नये म्हणून आम्ही शेजारी मालतीकाकूंकडे जेवायचो. हे सगळं त्यांनी मायेपोटी केलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी आईच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होते आणि ती मागत होती. आधी तिने भात मागितला. मग ज्वारीची भाकर मागितली. शेवटी शेवटी नाव काढायचंही त्राण उरलं नाही. "कुसुम, काई दे वं," एवढंच म्हणायची. ती उपाशी गेली. हे वाक्य आमच्या घरात वर्षभर कोणीही उच्चारलं नाही.

वर्ष सरत आलं. घर सांभाळायला सावनेरहून बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या आली. लवकर विधवा झालेली, कामाला वाघीण, आणि जीभ अशी की भाजी जिभेनेच चिरावी. दुष्काळ नुकताच ओसरला होता, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी अजून लोकांच्या घशात अडकत होत्या, आणि आत्याने जणू दुष्काळावर सूड घ्यायचा म्हणून वाळवण घातलं. कुरडया, सांडगे, मुगवड्या, पापड, सरोद्या. डब्यांवर डबे चढले. आणि त्याच उन्हाळ्यात माझं ते सुरू झालं.

दुपारी व्हायचं. बाबा सदरच्या त्यांच्या सायकलच्या दुकानातून येऊन, जेवून, वाळ्याच्या ओल्या पडद्यामागे घोरत पडायचे. आत्या ओसरीवर पदर तोंडावर घेऊन. सगळं गाव मेल्यासारखं. मी डब्यासमोर बसायचे आणि माझे हात माझे नसायचे. लोकांना वाटतं, खादाड माणूस चवीने खातो. चव कुठली हो! कच्चं, शिजलेलं, शिळं, गूळ, पीठ, जे लागेल ते मी आत कोंबत होते, एखाद्याचं तोंड दाबून धरावं तसं. हिरड्या सोलवटून निघायच्या. पोट फुटेल असं वाटायचं आणि मनात यायचं, फुटू दे. मग एकदम थांबायचं, आणि मी डबा पदराने पुसून जागच्या जागी ठेवायचे. त्यानंतर जी लाज येते, तिच्यापुढे ट्यूबचा मार बरा.

ट्यूबचं सांगते. पण आधी उपास. आत्याला पहिल्यांदा डबा हलका लागला तेव्हा ती ओरडली नाही. "पोट्टीच्या जिभेले वळण नाई," एवढं म्हणून तिने मला सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी लावून दिली. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. आमच्या घरी विठोबाच पोटोबाच्या छातीवर बसवला. उपासाच्या दुसऱ्या दिवशी मी दुप्पट खायचे. मग उपास वाढायचे. मग मी आणखी खायचे. एवढं साधं गणित त्या घरात कोणाला सुटलं नाही, आणि मला तर मुळीच नाही, कारण उपास मी मनापासून करत होते. मला वाटायचं, मीच वाईट आहे, तर मलाच शिक्षा हवी.

मग कुलूप आलं. तेच, आईच्या वेळचं. बाबांनी ते माळ्यावरून काढलं, त्याच्यात तेल घातलं, कडीला लावलं. त्यांना आठवलं असेल का? चेहऱ्यावर तरी काही दिसलं नाही. स्वयंपाकघर बंद झालं तेव्हा मी गच्चीवर गेले. भर दुपार, अनवाणी. गच्ची तव्यासारखी तापलेली. सकाळी घातलेल्या कुरडया अर्ध्या ओल्या होत्या, त्या मी साडीवरून खरवडून खाल्ल्या. पाय भाजत होते, मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होते आणि खात होते. तळव्यांना फोड आले. भुकेला कोंडा म्हणतात, पण ती भूक नव्हती. भूक असती तर पाय भाजल्यावर माणूस खाली पळालं असतं.

फोडांवरून चोरी उघडी पडली. बाबांनी खुंटीवरची सायकलची जुनी ट्यूब काढली, कॅरिअरला सामान बांधायची, आणि मला मारलं. रबराचा मार आधी गरम लागतो आणि मग फुगतो. मारताना ते एकच विचारत होते, "काहून खाऊन राहिली? काहून?" मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का! मार थांबवायला माणूस खोटंही सांगतं, पण मला खोटंही सुचेना. दमल्यावर ते ओसरीच्या खांबाला टेकले आणि आत्याला म्हणाले, "मिरुगाच्या आत सुधरली तं सुधरली. नाई तं पागलखान्यात टाकून देतो." हे नुसतं बोलणं नव्हतं. आत्याच्या सासरची एक पुतणी तशीच नेऊन टाकली होती. तिला भेटायला कोणी जात नव्हतं, आणि लग्नपत्रिकेत घरातल्या पोरींची नावं छापताना तिचं गाळत होते. त्या दिवसापासून मी आभाळाकडे बघायला भ्यायचे. नागपुरात सगळे पावसाची वाट पाहत होते. मी एकटी तो येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

अशात आखजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखजी म्हणतो. त्या दिवशी पितरांसाठी नवी घागर भरायची, पुरणाचा स्वयंपाक करायचा, पळसाच्या पत्रावळीवर पहिलं पान वाढायचं. गेलेली बाई असेल तर तिच्या नावाने एका सवाष्णीला पितरीण म्हणून जेवायला बसवायचं. ती जेवली की गेलेली जेवली. आईची ही पहिली आखजी. मालतीकाकूंना सांगून ठेवलं होतं. मला आदल्या दिवसापासून निर्जळी, आणि पोळ्या लाटायला मीच, कारण आत्याचं म्हणणं, मायचं पान लेकीनंच करावं. बरोबर होतं तिचं. पान वाढून झालं. आत्या अंगणात घागरीला चंदन लावत होती. मी एकटी आईच्या पानासमोर बसले होते.

तुम्हाला कळलं असेलच. बाबा मालतीकाकूंना घेऊन आत आले तेव्हा पत्रावळ रिकामी होती आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तुपाने माखलेले. मालतीकाकू उंबऱ्यातूनच मागे फिरल्या. बाबा हलकेच म्हणाले, "मायच्या तोंडचा घास खाल्ला तू." मग त्यांनी मला केसांना धरून अंगणात ओढलं. या वेळी ट्यूब कुठे बसते ते त्यांनी पाहिलं नाही. चेहरा, कान, मान. गल्लीतले लोक फाटकाशी आले आणि उभे राहिले. बाप लेकीला मारतो त्यात कोणी पडत नसे. मी मागे कोसळले ती घागरीवर. घागर फुटली. आईच्या नावाचं पाणी फरशीवरून वाहत गेलं, आणि उन्हाने ते बघता बघता पिऊन टाकलं. पाणी पाहिल्यावर बाबांचा हात थांबला.

त्या संध्याकाळी आत्याला साक्षात्कार झाला. ती बाबांना म्हणाली, "दादा, हे पोट्टी नाई खाऊन राहिली गा. हिच्यातून वहिनी खाऊन राहिली. ते भुकी गेली. तिले एकडाव पोटभर चारू, म्हंजे जाईन आपल्या वाटेनं." आज हे आठवलं की मला तिला मिठी मारावीशी वाटते आणि तिचा गळाही धरावासा वाटतो. पंचक्रोशीत एकट्या त्या अडाणी बाईने दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलं होतं, आणि औषध काढलं ते असं. दुसऱ्या दिवशी पातेलंभर पुरण शिजलं. बाबांनी मागून माझे दंड आवळले. आत्याने नाक दाबलं, तोंड उघडलं की पुरणाचा गोळा आत, वरून तूप. "खाय वं वहिनी, खाय. पोट भर अन् जाय." मी गुदमरत होते, नाकातून पुरण येत होतं, ओकत होते, आणि ओकलेल्यावर आणखी कोंबलं जात होतं. मी रोज दुपारी स्वतःला जे करत होते तेच दोघं मिळून मला करत होती. आत्याचा हात दमला तेव्हा बाबांनी स्वतः एक घास उचलला, तोंडाशी आणला, आणि मी चावले. घास नाही, बोट. उजव्या हाताची तर्जनी, सगळ्या ताकदीने, हाडापर्यंत. त्यांचं रक्त आणि पुरण माझ्या तोंडात एक झालं. ते किंचाळले तरी मी सोडलं नाही.

त्या बोटानेच मला वाचवलं. दोन दिवसांत ते वांग्यासारखं फुगलं आणि बाबांना धंतोलीत न्यावं लागलं. घरात एकटी सोडायची सोय नाही म्हणून मलाही सोबत नेलं. डॉक्टरांनी बोट उलटंसुलटं करून विचारलं, "कुत्रं?"

"पोट्टी," बाबा म्हणाले.

"माणसाचा चावा कुत्र्याहून वाईट," असं म्हणत डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मानेवरचे वळ पाहिले. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी औषध लिहून दिलं; समोरच्या बंगल्यात मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात, तिकडे आत्ताच्या आत्ता जा म्हणाले, आणि आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत दारात उभे राहिले.

डॉक्टरीणबाई साध्या सुती साडीतल्या, केस पिकलेल्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, "पाटावर बसून, ताटातलं, कोणाच्या सोबत शेवटचं कधी जेवलीस?" मला आठवेना. मग त्यांनी बाबांना विचारलं, "हिच्या आई नाहीत म्हणालात. कशाने गेल्या?"

"तापानं," बाबा म्हणाले.

"भुकेनं," मी म्हटलं.

बाबांचा हात उठला. पट्टीचाच. तिथे, त्यांच्या टेबलासमोर, तो माझ्या कानाखाली बसला, आणि पट्टी लाल झाली. बाबा हात पोटाशी धरून खाली बसले आणि रडू लागले. बोटासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी उठून मला टेबलाच्या आपल्या बाजूला घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. कुलूप काढा. उपास बंद, सगळे. मारायचं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ हिला ठरल्या वेळी जेवू घाला, भूक असो नसो. आणि तुम्ही समोर बसून, हिच्याबरोबर जेवा. पागलखान्याचं नंतर बघू.

"आमच्यात बायामाणसं मागून जेवतात," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीही मागून जेवा," त्या म्हणाल्या.

आत्याने घर डोक्यावर घेतलं. "दादा, चोराले जेवू घालायची औषधी कुठं ऐकली गा?" पण बाबा दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पाट मांडून बसले. उजवं बोट बांधलेलं, म्हणून ते चमच्याने जेवायचे आणि चमचा ताटावर आपटायचा. मी त्यांचा द्वेष करत होते, तेही बहुधा माझा, आणि मध्ये वरणभाताची वाफ. पण पोटाला एक कळलं, की दुपारी मिळालं तसं संध्याकाळीही मिळणार आहे. लाटा येत राहिल्या. फक्त त्यांच्यात पूर्वीचा जोर राहिला नाही.

मृग आला. एका दुपारी पावसाच्या आवाजात मी पुन्हा डबा उघडला, अर्धा संपवला, आणि संध्याकाळी पाटावर बसताना आपण होऊन बाबांना सांगितलं. ते उठले. खुंटीवरची ट्यूब काढली, हातात धरून उभे राहिले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओसरीवर पाठमोरे वाकून सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधत होते. बांधून झाल्यावर आले आणि जेवायला बसले. पागलखान्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

हे सगळं परवा मी सायलीला सांगितलं, पहिल्यांदाच. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, की पूर्वी त्यांच्या शास्त्रातही एक प्रकार होता, आवडीचा पदार्थ समोर ठेवायचा आणि हात पुढे गेला की विजेचा झटका द्यायचा. मी म्हटलं, म्हणजे आमच्या ट्यूबची शिकलेली बहीण. मग तिच्या तीन उपचारांवर आम्ही पुन्हा आलो. वेळच्या वेळी जेवणाने माझं शरीर माणसात आलं, यात वाद नाही. तो पाया नसता तर पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. लाटेत उभं राहणं मी आपलं आपण शिकले, आणि अजून शिकते आहे. माझा मुलगा बाहेरगावी शिकायला गेला त्या वर्षी ती लाट पुन्हा येऊन मला पाडून गेली होती. पण ते दुसरं, गेलेल्या माणसाशी राहिलेलं बोलणं? ते आमच्या घरात झालं एकदाच, पुढच्या आखजीला.

तेव्हाही घागर भरली होती. आत्या मालतीकाकूंना बोलवायला निघाली, तर बाबा म्हणाले, "राहू दे. पितरीण घरातच हाय." आत्या दारातच थांबली. "लगन नाई झालं तिचं अजून. सवाष्ण लागते दादा." बाबा म्हणाले, "माय तं तिचीच होती ना."

त्यांनी मला पाटावर बसवलं. पत्रावळ मांडली. बायामाणसांना कधी पाणीसुद्धा न देणारा माणूस हातात पोळ्यांची चाळणी घेऊन माझ्यासमोर वाकला. ते बोट वाकडंच राहिलं होतं, तूप वाढताना सरळ होत नव्हतं. म्हणाले, "माग. मागशीन तेवढं देतो." मी खाली मान घालून जेवू लागले. माझा घास तोंडात फिरत होता आणि ते तसेच वाकून उभे होते. एक पोळी संपली. त्यांनी दुसरी वाढली. दुसरी निम्मी झाली आणि मला कळलं, की पोट भरलं आहे. असं कळणं मी विसरूनच गेले होते.

"पुरे बाबा," मी म्हटलं.

ते तिसरी पोळी हातात धरून होते. ती त्यांनी चाळणीत ठेवली नाही, मला वाढलीही नाही. माझ्यासमोर खाली जमिनीवरच बसले.

"तिनं बी पुरेच म्हटलं असतं ना वं?" ते म्हणाले. "एका भाकरीत?"

"अर्ध्या भाकरीत म्हटलं असतं, बाबा."